मांजर पाणी फार पिते

आमच्या औंढ्यात उन्हाळा लागला की घराघरांत पाण्याचा हिशेब सुरू होतो. माठ कधी भरला, ड्रम किती दिवस पुरला, हे घरातल्या बाईला तोंडपाठ असते. म्हणूनच आमच्या गल्लीतल्या एका घरात मांजरीचे दुखणे सगळ्यांत आधी दादींच्या लक्षात आले. "मन्नीची वाटी मी दिवसातून चार वेळा भरते, तरी ती मोरीत जाऊन बादली चाटते," असे त्या सुनेला म्हणाल्या. "अम्मी, गर्मी किती आहे!" म्हणून सुनेने विषय सोडून दिला. पुढचे दोन महिने मन्नी पोटभर खात होती आणि वाळत होती. मग ती मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागली. ओट्यावर उडी मारता येईना. तेव्हा कुठे तिला टोपलीत घालून परभणीला नेले. तिला मधुमेह झाला होता.

मांजराला साखर होते, हे सांगितले की अजूनही लोक हसतात. वास्तविक आपल्या शरीरात ज्या ग्रंथी आहेत त्या मांजर-कुत्र्यांच्याही शरीरात आहेत. स्वादुपिंड, थायरॉइड, मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल आणि मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी. या ग्रंथी रक्तात जे रस सोडतात त्यांना हार्मोन किंवा संप्रेरके म्हणतात. एखादा रस कमी पडला किंवा जास्त झाला की प्राण्याची तहान, भूक, वजन, केस, स्वभाव असे सगळे हळूहळू बदलते. हळूहळू बदलते म्हणूनच घरच्यांना ते "उमर झाली" असे वाटते.

माणसाला मधुमेहाचे कोडे उलगडले तेही कुत्र्यांमुळेच. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तर त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोत बॅंटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढून तो मधुमेही कुत्र्यांना टोचला आणि त्यांची साखर उतरली. आज ज्या घरात दादी-नाना इन्सुलिन घेऊन रोजचे काम करतात, त्या घरावर या मुक्या जनावरांचे उपकार आहेत.

आता कामाचे बोलू. तहान वाढली की नाही, हे अंदाजाने ठरवू नये, मोजावे. सकाळी मोजून पाणी ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले मोजा. मोरीचे दार बंद ठेवा आणि बादलीवर झाकण ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो. मांजराने किलोमागे ५० मिलीच्या वर पाणी प्यायले, म्हणजे चार किलोच्या मांजराने दिवसाला एक ग्लासभर, तर शंका घ्यावी. कुत्र्यासाठी ही रेघ किलोमागे साधारण १०० मिली. पंधरा किलोच्या कुत्र्याला दीड लिटर. कडक उन्हात आणि कोरडे अन्न खाणाऱ्यांत आकडा थोडा वाढतो, म्हणून तीन-चार दिवस मोजून वहीत लिहावे. सोबत वजनही लिहावे. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे.

पाणी वाढले म्हणजे साखरच आहे, असे मात्र नाही. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंड थकल्यानेही तहान वाढते. कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत पाणी फार पिऊ लागली, सुस्त पडली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, आणि तिथे एक दिवसही थांबायचे नसते. म्हणूनच तपासणी करावी लागते.

साखरेच्या तपासणीत मांजर डॉक्टरांनाही चकवते. घाबरलेल्या मांजराच्या रक्तातली साखर निव्वळ भीतीने वर जाते. बसमधून पन्नास किलोमीटर आलेले, टोपलीत कोंडलेले मांजर किती घाबरलेले असेल! त्यामुळे एका आकड्यावरून मधुमेह ठरवत नाहीत. लघवीतही साखर आहे का, ते पाहतात. शक्य असेल तर फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी करतात. ती मागच्या आठवडा-दोन आठवड्यांतल्या साखरेची सरासरी सांगते, तिच्यावर त्या दिवसाच्या घाबरण्याचा परिणाम होत नाही. दादींच्या ग्लुकोमीटरवर घरी साखर बघता येते, कानाच्या कडेचा रक्ताचा एक थेंब पुरतो. पण माणसांसाठी बनवलेली यंत्रे मांजर-कुत्र्यांत साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात, हे लक्षात ठेवून तो आकडा डॉक्टरांना कळवावा. त्यावरून स्वतःच औषध बदलू नये.

मन्नीला हा रोग का झाला, याचे उत्तर तिच्या जुन्या चिठ्ठ्यांत होते. दर वर्षी पिल्ले नकोत म्हणून तिला माज थांबवायचे इंजेक्शन दिले जात होते. ही औषधे प्रोजेस्टेरॉनच्या जातीची असतात. त्यांनी इन्सुलिनचा परिणाम बोथट होतो, शिवाय स्तनाच्या गाठी आणि गर्भाशयाचा पू यांचा धोका वाढतो. कुत्रीच्या अंगात तर हेच प्रोजेस्टेरॉन प्रत्येक माजानंतर आपोआप दोन महिने वाढलेले असते; म्हणून नसबंदी न झालेल्या मध्यमवयीन कुत्र्यांमध्ये मधुमेह पुष्कळदा माजानंतरच्या दिवसांत वर येतो. अशा वेळी लवकर गर्भाशय काढले तर काही कुत्र्यांचा रोग मागेही फिरतो. पिल्ले नको असतील तर एकदा शस्त्रक्रिया करून घ्यावी. दर वर्षाच्या सुईपेक्षा ती बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे. नर मांजराची नसबंदी झाली की ते जाड होते आणि जाडेपणातून त्यालाही साखर होते. तेव्हा त्याच्या ताटावर लक्ष ठेवावे.

इन्सुलिनचे नाव काढले की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. डुकराचे असते का? प्रश्न योग्य आहे. कुत्र्याचे इन्सुलिन आणि डुकराचे इन्सुलिन रचनेने हुबेहूब सारखे आहे, म्हणून परदेशात खास प्राण्यांसाठी मिळणारे एक इन्सुलिन डुकरापासून बनवतात. मांजराचे इन्सुलिन गाय-बैलाच्या इन्सुलिनशी जवळचे. त्यात फक्त एका दुव्याचा फरक. पण आपल्या मेडिकलमध्ये मिळणारे "ह्युमन" इन्सुलिन किंवा ग्लार्जिन हे जंतूंकडून किंवा यीस्टकडून प्रयोगशाळेत बनवून घेतलेले असते. असे इन्सुलिन १९८२ पासून बाजारात आहे आणि मांजर-कुत्र्यांना तेच चालते. बाटलीवरचे नाव वाचून घ्यावे आणि डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे मनात किंतु राहत नाही.

बाटलीवरची दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, तिच्याकडे कुणी पाहत नाही. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळते, मिलीमध्ये ४० युनिट आणि मिलीमध्ये १०० युनिट. ४० ची सुई लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. १०० च्या बाटलीतले औषध लाल टोपीच्या सुईत दोनच्या खुणेपर्यंत भरले तर अंगात पाच युनिट जातात. माणसाला हे कदाचित सोसवेल, पण मांजराची सुरुवात बहुधा एखाद्या युनिटाने होते. तिथे अडीचपट औषध म्हणजे जिवाशी खेळ. पेनमधून सुईने औषध काढण्याचे उद्योग तर मुळीच करू नयेत. मेडिकलवाल्याने "एकच आहे, घेऊन जा" म्हटले तरी टोपीचा रंग बघूनच पैसे द्यावेत.

इन्सुलिन बारा-बारा तासांनी, खाण्याबरोबर द्यायचे असते. गढूळ दिसणारी बाटली जोरात हलवू नये, तळहातांमध्ये हळू फिरवावी. फ्रिजच्या दारात नको, आतल्या खणात ठेवावी, पण गोठू देऊ नये. सुई कमरेच्या बाजूच्या सैल कातडीत टोचावी, जागा रोज बदलावी. औषध आत गेले की बाहेर सांडले, अशी शंका आली तर पुन्हा टोचू नये. पुढच्या वेळेपर्यंत थांबावे. मांजराने तोंडच लावले नाही तर ठरलेला डोस न देता आधी डॉक्टरांना फोन करावा. रमजानमध्ये घराचे वेळापत्रक बदलते, तेव्हा सेहरी आणि इफ्तारची वेळ धरली तर अंतर जवळपास बारा तासांचेच पडते आणि घरात कुणीतरी हमखास जागे असते. मन्नीच्या घरी असेच जमवले. तिचे माजाचे इंजेक्शन बंद झाले, वजन भरू लागले आणि काही महिन्यांत डोस कमी करावा लागला. मांजरांत लवकर उपचार झाले तर काहींचे इन्सुलिन पूर्ण सुटते. कुत्र्यांत ते सहसा जन्मभराचे असते, आणि बहुतेक मधुमेही कुत्र्यांच्या डोळ्यांत पुढे मोतीबिंदू उतरतो.

साखर एकदम उतरली तर प्राणी झोकांड्या खातो, थरथरतो, कधी झटके येतात. हिरड्यांना बोटाने मध किंवा साखरेचा पाक चोळावा. झटका चालू असताना तोंडात काही ओतू नये आणि बोटही दातांच्या मध्ये घालू नये. शुद्धीवर आल्यावर खायला द्यावे आणि डॉक्टर गाठावेत. घरातल्या माणसांच्या साखरेच्या गोळ्या फोडून प्राण्याला देणे कुठेच बसत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत मांजरांसाठी मधुमेहाची एक गोळी मंजूर झाली, तीही निवडक मांजरांसाठी आणि सतत देखरेखीखाली देतात. "शुगर-फ्री" म्हणून विकतात त्यांतल्या काही चीजांत झायलिटॉल असते. ते कुत्र्याला विषासारखे आहे.

मधुमेही मांजराला दूध-चपाती, बिस्किटे बंद करावीत. उकडलेले, बिनमसाल्याचे मटण किंवा चिकन चांगले, पण सालनातला तुकडा धुऊनही देऊ नये. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कुत्र्यासाठी बकरी ईदची चरबी धोक्याची. तिने स्वादुपिंडाला सूज येते आणि सांभाळलेली साखर बिघडते.

घरात मांजर आणि शेतातल्या आखाड्यावर कुत्रा, अशी आपल्याकडे वाटणी असते. आखाड्यावरच्या कुत्र्याला खाज सुटते, केस जातात. मग कुणीतरी "एक सुई मारा, दोन दिवसांत बरे" असे सांगतो, आणि खरेच दोन दिवसांत बरे वाटते. ती सुई बहुधा स्टेरॉइडची असते. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी तिची नावे. गोचीड-खरूज तशीच राहते, महिन्याने खाज परत येते, परत सुई. वर्षभराने त्या कुत्र्याचे पोट घागरीसारखे लोंबते, पाठीचे केस दोन्ही बाजूंनी सारखे विरळ होतात, कातडी कागदासारखी पातळ होते. तो सावलीतही धापा टाकतो, पाणी आणि भाकरी दोन्ही अधाशासारखी संपवतो. मालक म्हणतो, कुत्रे जाड झाले आहे, तब्येत चांगली आहे!

याला कुशिंगचा आजार म्हणतात. शरीरात कॉर्टिसोल फार झाल्याचा हा परिणाम. काही कुत्र्यांत तो आपसूक होतो. अशा दर दहापैकी आठांत पिट्यूटरीवरची बारीक गाठ कारण असते, उरलेल्यांत अ‍ॅड्रिनलची. त्यावर ट्रायलोस्टेन नावाचे औषध आहे, ते आयुष्यभर आणि रक्त तपासत द्यावे लागते. पण जो कुशिंग सुयांनी झाला आहे, त्यावर औषध देऊन चालत नाही, सुया बंद कराव्या लागतात. आणि इथेच खरी गोम आहे. बाहेरून स्टेरॉइड मिळत गेल्याने कुत्र्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आळसावून आक्रसलेल्या असतात. औषध एकदम तोडले तर शरीराजवळ स्वतःचे कॉर्टिसोल नसते. उलट्या, जुलाब, अशक्तपणा येतो आणि कुत्रे कोसळते. म्हणून हे औषध आठवड्यांच्या हिशेबाने, डॉक्टरांच्या हाताखाली उतरवायचे असते. हा लेख वाचून उद्यापासून कुणी गोळ्या फेकून देऊ नयेत, ही आमची कळकळीची विनंती आहे. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, वेळेवर दिले तर जीव वाचवते. ज्या कुत्र्याच्या अ‍ॅड्रिनल मुळातच निकामी होतात, ज्याला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात, तो तर त्यावरच जगतो. अ‍ॅडिसनचे दुखणे फसवे असते. पोट बिघडते, सलाइनने बरे वाटते, महिन्याने पुन्हा तेच. असे वारंवार झाले तर रक्तातले सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगावे. सोडियम उतरलेले आणि पोटॅशियम चढलेले दिसले की डॉक्टरांना दिशा मिळते.

आता थायरॉइड. मांजर आणि कुत्रा इथे एकमेकांच्या उलट वागतात. मांजरांत, बहुधा दहा वर्षांनंतर, थायरॉइड वाढते. मांजर अधाशासारखे खाते आणि हाडाला कातडे चिकटते, रात्री ओरडत फिरते, छाती धडधडते. माणसांच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कार्बिमाझोल गोळ्या त्यावर चालतात, मात्र मांजराच्या मापाने. घरात कुणी गरोदर असेल तर तिने त्या गोळ्या हाताळू नयेत.

कुत्र्यांत थायरॉइड कमी होते. सुस्ती, कमी खाऊनही वजन, खाज नसताना केस जाणे, शेपूट उंदरासारखी उघडी पडणे. लॅब्रॅडोर, डॉबरमन अशा जातींत जास्त. इथे तालुक्याच्या ठिकाणी दोन गोंधळ होतात. पहिला लॅबमधला. रक्त माणसांच्या लॅबमध्ये दिले की टी-फोर मोजून मिळते, कारण ते हार्मोन कुत्र्यात आणि माणसात एकच आहे. पण निरोगी कुत्र्याचे टी-फोर मुळातच माणसापेक्षा बरेच कमी असते, आणि छापील कागदावर माणसाची मर्यादा असते. म्हणून चांगल्या कुत्र्यापुढेही "कमी" असे छापून येते. टीएसएचचे उलट. ते कुत्र्याचे वेगळे असते, माणसाच्या किटने ते मोजताच येत नाही, तरी कागदावर काहीतरी आकडा उमटतो. तो आकडा वाचूच नये. शिवाय दुसरे कुठलेही आजारपण असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तरी टी-फोर खाली जाते, तेव्हा आधी ते बरे करून मग तपासावे. मराठवाड्यातल्या कारवान कुत्र्याच्या बाबतीत तर जास्तच जपावे. ग्रेहाउंड, सलुकी अशा सडपातळ, पळणाऱ्या शिकारी कुत्र्यांचे टी-फोर इतर जातींपेक्षा कमी असते, आणि कारवान त्याच घडणीचा आहे. नुसत्या आकड्यावरून धडधाकट कारवानाला जन्माची गोळी लावू नये.

दुसरा गोंधळ मेडिकलमध्ये. कुत्र्याला थायरॉक्सिन किलोमागे सुमारे २० मायक्रोग्रॅम, बहुधा दिवसातून दोनदा लागते. पंचवीस किलोच्या लॅब्रॅडोरला एका वेळी ५०० मायक्रोग्रॅम, तर त्याच्या मालकिणीला दिवसाला शंभरच्या आसपास. चिठ्ठी पाहून दुकानदार म्हणतो, डॉक्टरांनी चूक केली, आणि स्वतःच डोस कमी करून देतो. कुत्र्याचे शरीर हे औषध लवकर बाहेर टाकते, म्हणून डोस मोठा असतो. शंका आली तर दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावून द्यावा.

तपासणीला जायचे कुठे? औंढ्यातल्या आणि आसपासच्या जनावरांच्या दवाखान्यांचा सारा दिवस गाई-म्हशी, शेळ्या-बैलांत जातो, तरी पहिली तपासणी, लघवीची पट्टी, रक्त काढणे इथे होऊ शकते. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, पण असल्या दुखण्यांसाठी आमची वाट अजून परभणीचीच आहे. तिथले पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासूनचे, आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. दर वेळी प्राण्याला न्यावे लागते असेही नाही. गोठलेल्या रक्तावरचे पाणी वेगळे करून थंड डब्यातून पाठवले तर पुष्कळ तपासण्या होतात. कुशिंगची शंका असेल तर आधी कुत्र्याची घरी धरलेली सकाळची लघवी तपासून घ्यावी. तिच्यातले कॉर्टिसोल वाढलेले नसेल तर बहुधा तो आजार नाही, आणि एक खेप वाचते.

लघवीत ते वाढलेले निघाले तर मात्र दिवसभराची तयारी ठेवून जावे लागते. सकाळी एकदा रक्त काढतात, डेक्सामेथासोनची छोटी सुई देतात, मग चौथ्या आणि आठव्या तासाला पुन्हा रक्त. डॉक्टरांची वेळ आधी ठरवून फजरनंतरची पहिली गाडी धरावी, म्हणजे संध्याकाळी परत निघता येते. श्रावणात आणि महाशिवरात्रीला नागनाथाच्या दर्शनाची गर्दी असते, तेव्हा शक्यतो खासगी गाडी पाहावी. रेटारेटीत कुत्रे बिथरले की कॉर्टिसोल तसेच वाढते आणि सगळी तपासणी वाया जाते. जुन्या चिठ्ठ्या, रिकाम्या औषधांच्या पट्ट्या, कानातल्या थेंबांची बाटलीसुद्धा पिशवीत घ्यावी. मधल्या तासांत त्याला झाडाखाली बांधून पाणी ठेवावे, घरच्या कुणीतरी जवळ बसावे आणि मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नये.